वाचक विचारतात: गोल्फचा स्विंग, हात आणि अंगाचा मेळ

प्रश्न : बरीच वर्षं क्रिकेट खेळलो, आता गोल्फ शिकतोय. आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचे क्लब) बऱ्यापैकी लागतात, पण ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) घेतला की चेंडू डावीकडे निघतो आणि वळत वळत उजवीकडच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) जातो. सगळे म्हणतात, ‘हातानं मारतोयस, अंग वापर.’ नेमकं काय करायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या वर्णनातच निदान आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेसच्या, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या दिशेनं. वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकामुळे. म्हणजे तुमचा फेस डावीकडे बघतोय आणि क्लब त्याहूनही डावीकडे, बाहेरून आत कापत चाललाय. आयर्नमध्येही हा दोष असणारच, पण ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) कमी, त्यामुळे बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) कमी आणि बाक जास्त दिसतो.

‘अंग वापर’ हा सल्ला अर्धवट आहे. तो ऐकून बहुतेक जण बॅकस्विंगच्या (क्लब मागे वर नेण्याच्या) टोकावरून उजवा खांदा जोरात पुढे ढकलतात आणि स्लाइस, म्हणजे चेंडूचं हे उजवीकडे वळणं, आणखी वाढतो. डाउनस्विंगचा (क्लब खाली चेंडूकडे आणण्याचा) क्रम असा हवा: आधी भार डाव्या पायावर, मग कंबर, मग छाती, त्यामागून हात आणि शेवटी क्लब.

आधी उभं राहणं तपासा. ड्रायव्हरचा चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत असतो. तिथवर पोहोचायच्या नादात खांदे नकळत डावीकडे उघडतात. क्लब छातीवर आडवा धरून बघा, लक्ष्याच्या रेषेला समांतर आहे का.

मग सात नंबरचं आयर्न घ्या. पाय जुळवून उभं राहा. बॅकस्विंग पुरा होत आला, की डावा पाय वीतभर लक्ष्याकडे टाका आणि तो टेकल्यावरच हात खाली येऊ द्या. आधी चेंडूशिवाय, मग अर्ध्या वेगानं चेंडू मारा. हे जमलं की ड्रायव्हर घ्या आणि रिकामं हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचं मऊ आवरण) चेंडूच्या फूटभर मागे, चार बोटं पलीकडे ठेवा. क्लब बाहेरून आला तर ते उडेल. तिथे काठी किंवा बाटली नको, मनगट दुखावेल.

राहिली क्रिकेटची सवय. ड्राइव्ह मारताना बॅटचा पूर्ण फेस शेवटपर्यंत दाखवायला तुम्ही शिकलात. इथे मात्र आघातातून जाताना हाताचा पुढचा भाग फिरायला हवा. फटक्यानंतर क्लब कंबरेइतका आडवा आला की थांबून बघा. क्लबच्या डोक्याचं टोक आकाशाकडे असेल तर ठीक. फेसच आकाशाकडे बघत असेल तर तुम्ही तो अडवून धरलाय. ग्रिपमध्ये वरून डाव्या हाताचं एकच पेर (मुठीवरचा उंचवटा) दिसत असेल, तर दोन दिसतील इतका हात उजवीकडे फिरवा. मार्ग सुधारल्याशिवाय नुसती ग्रिप बदलू नका, चेंडू सरळ डावीकडच्या झाडीत जाईल.

प्रश्न : दोन्ही बगलांत टॉवेल धरून सराव करते. पूर्ण स्विंगमध्ये तो पडतोच. चुकतंय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पूर्ण स्विंगमध्ये तो पडलाच पाहिजे. अमेरिकन गोल्फर जॅक निकलॉस यांचं उजवं कोपर बॅकस्विंगच्या टोकाला अंगापासून चांगलंच सुटलेलं असायचं, आणि त्यांनी 18 मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या! हा सराव फक्त नऊ नंबरचं आयर्न किंवा वेजनं (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबनं), हात कंबरेपासून कंबरेपर्यंत नेऊन करायचा. त्यात फटक्यानंतर लगेच डावीकडचा टॉवेल सुटला, तर समजा की छाती फिरायची थांबली आणि हात एकटेच पुढे गेले. डावं कोपर बाहेर दुमडतं ते त्यामुळेच. पोट लक्ष्याकडे वळेपर्यंत फिरत राहा.

प्रश्न : वय 62. डावा हात सरळ ठेवायला गेलो की खांदा आखडतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताठ नको, लांब ठेवा, कोपर थोडं वाकलं तरी चालतं. ते जास्त वाकतं, कारण छाती थांबल्यावरही हात वर जात राहतात. उजवं पाऊल जरा बाहेर वळवा, बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्या, खांदे सहज जास्त फिरतील. छाती जिथे थांबेल तिथेच हातही थांबवा. तीन-चतुर्थांश स्विंगमध्ये अंतर फारसं घटत नाही, फटका मात्र फेसच्या मधोमध बसू लागतो. तरीही खांदा दुखत राहिला, तर रेंजवर जाण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.