लकवा तोंडाला होतो, हाताला नाही

गिरगावातून एका ताईंनी विचारलंय: "शेजारच्या काकांबद्दल सासूबाई म्हणाल्या, 'त्यांच्या अंगावरून वारं गेलं.' मुलगी म्हणते, हे अडाणी बोलणं झालं, 'लकवा मारला' म्हण. बरोबर काय?"

पक्षाघात आणि अर्धांगवायू हे शब्द आपला अर्थ स्वतःच सांगतात. पक्ष म्हणजे इथे बाजू, पंख नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. माझं भांडण आहे लकव्याशी. सही करताना पुढाऱ्याच्या हाताला लकवा, सरकारला धोरणलकवा, आणि हात थरथरणाऱ्या आजोबांनाही लकवाच!

शब्द मूळ अरबी. तिथल्या वैद्यकात लक्वा म्हणजे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून तोंड वाकडं होणं, बस्स. अर्धं अंग जाण्याला त्यांचा वेगळा शब्द होता, फालिज, आणि त्याचा धातू 'दुभंगणे, दोन भाग करणे' या अर्थाचा. म्हणजे आपल्या अर्धांगाचीच कल्पना! मला हा शब्द फार आवडतो. युनानी हकीम आजही फालिज वेगळा आणि लकवा वेगळा धरतात. मराठीने लकवा उचलला, फालिज तिथेच सोडला, आणि एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली. बरेच कोशकार लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू एकापुढे एक मांडून मोकळे होतात. हा निव्वळ आळस आहे.

कारण शरीर हा फरक पाळतं. हालचालीचा हुकूम मेंदूतून निघतो आणि तो नेणारे बहुतेक तंतू मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी, बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूत गुठळी अडकली की उजवा हात-पाय जातो. कपाळाला मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. त्यामुळे अशा रुग्णाचं तोंड वाकडं झालं तरी भुवया सहसा वर जातात, कपाळाला आठ्या पडतात. चेहऱ्याची नसच दुखावली असेल तर त्या बाजूचं कपाळ गुळगुळीत राहतं आणि डोळा नीट मिटत नाही. अरबांचा लकवा तो हा. (ही परीक्षा डॉक्टरांनी करायची. घरात कोणाचं तोंड अचानक वाकडं दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात.)

थरथरणाऱ्या आजोबांना कंपवात असू शकतो. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये वर्णन केलेला तोच. त्यात ताकद बरीचशी शाबूत असते, पण मेंदूतलं डोपामिन हे रसायन घटल्याने हालचाल सुरूच होत नाही, झाली तर संथ होते. सदऱ्याचं एक बटण काजात जायला पाच मिनिटं लागतात. याला लकवा म्हणणं साफ चूक.

आता वारं. 'वा' धातूचा अर्थच पाणिनीय धातुपाठात 'गती' असा दिलाय, वात आणि वायू त्यातूनच आले. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने तर पित्त पंगू, कफ पंगू म्हटलंय. वायू नेईल तिकडे ते ढगांसारखे जातात. म्हणजे शरीरातली हालचाल ती वाऱ्याची. माझा कयास पुढचा आहे. कोकणात देवाचा संचार झाला की 'अंगात वारं आलं' म्हणतात. वारं अंगात आलं की माणूस घुमतो, अंगावरून गेलं की जागीच थिजतो. हे दोन्ही वाक्प्रचार एकाच समजुतीतून निघालेत, असं मला ठाम वाटतं. 'अंगावरून वारं जाणं' हे बाहेरच्या गार वाऱ्यामुळे पडलेलं नाव आहे, असं सांगणारे अभ्यासक भेटतात. त्यांनी मग 'अंगात वारं' कुठून आलं तेही सांगावं.