सामान्य माणसाला दिवाणी न्याय सहज मिळावा म्हणून सगळ्यात आधी काय करायला हवं?

दिवाणी न्याय मिळवताना सामान्य माणसाची जगभर दमछाक होते, मग आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंत. सरकारी खर्चाने वकील द्यावेत, कोर्ट फी माफ करावी, की सगळं ऑनलाइन करावं?

मी वकील नाही. धुळे जिल्ह्यात विधी सेवेची स्वयंसेविका म्हणून गावोगाव फिरते, लोकांचे कागद बघते आणि त्यांना योग्य त्या कचेरीपर्यंत पोचवते. तुम्ही दिलेल्या तिन्ही गोष्टी हव्यातच, पण पहिला पैसा त्यांतल्या कशावरही खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे. तो गावाजवळच्या अशा माणसावर खर्च करावा, जो तंटा सुरू झाल्या झाल्या कागद बघून सांगेल की हे प्रकरण कोणाकडे जातं आणि किती दिवसांत न्यावं लागतं. आमच्याकडे हक्क बुडतात ते बहुतेक मुदत टळल्यामुळे. कायदाच वाईट होता म्हणून बुडालेले मी फार कमी पाहिले.

शेतरस्त्याचं बघा. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्यात जा, हा वाद असतोच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा वहिवाटीचा रस्ता चुलतभावाने चर खोदून आणि बोरीच्या काट्या टाकून बंद केला होता. कापूस वेचून वावरात पडलेला आणि बैलगाडी आत जाईना. तो आधी भाऊबंदांकडे गेला, मग सरपंचांकडे, मग पोलिसांकडे. तिथे नेहमीचं उत्तर मिळालं: हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. "कोर्टमा जावानं म्हणजे वावर इकनं पडी, बाई," असं तो मला म्हणाला, आणि वकिलाची फी, तारखा, तालुक्याच्या खेपा, बुडालेली मजुरी हे सगळं धरलं तर त्याचा हिशोब चुकीचा नव्हता.

पण या वादासाठी दिवाणी कोर्टात जायची गरजच नव्हती. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढून टाकायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. अट एकच, अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागायची. अर्जात दोन्ही गट नंबर, सातबारे, हाताने काढलेला नकाशा आणि रस्ता नेमका कधी बंद केला ती तारीख. तहसीलदार जागा पाहतात, पंचनामा होतो, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. त्या शेतकऱ्याचे सहा महिने अजून भरले नव्हते, म्हणून कापूस त्याच हंगामात बाहेर निघाला. त्याच शिवारातला दुसरा एकजण तशीच तक्रार घेऊन आला तेव्हा मात्र दीड वर्ष उलटून गेलं होतं. त्याला दिवाणी दावाच लावावा लागला आणि तो अजून चालू आहे. मुळात रस्ताच नसेल तर गोष्ट आणखी वेगळी, तिथे जमीन महसूल संहितेचं कलम १४३ लागतं आणि बांधावरून रस्ता मागता येतो. दोन कलमांमधला हा फरक गावात कुणी सांगत नाही, आणि चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज फेटाळला जाईपर्यंत सहा महिने निघून जातात.

बहिणींचं तर विचारूच नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात, आणि याच दिवसांत एखादा भाऊ म्हणतो, "ताई, उद्या तालुक्याला चल, एक सही करायची आहे." ती सही हक्कसोडपत्रावर असते. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण दस्त नोंदवला गेला की फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि त्या पंधरा दिवसांत ती सासरी परतलेली असते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की प्रांताकडे अपिलाला साठ दिवस. फसवून सही घेतली म्हणून दस्तच रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. यातली एकही मुदत त्या बाईला कुणी सांगितलेली नसते. राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात, तो त्यांचा अधिकार आहे. पण दस्त वाचून दाखवल्याशिवाय घेतलेल्या सहीला राजीखुशी म्हणायला माझं मन तयार होत नाही.

हेच जगभर होतं, म्हणून खानदेशातलं एवढं सविस्तर लिहिलं. २०१९ मध्ये 'टास्क फोर्स ऑन जस्टिस'चा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की सुमारे १५० कोटी माणसांकडे न सुटलेला कायदेशीर प्रश्न आहे, आणि वेगवेगळ्या तऱ्हेने न्यायापासून दूर राहिलेल्यांची संख्या ५१० कोटींच्या घरात जाते. 'वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट'ने १०१ देशांत लोकांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांना मागच्या दोन वर्षांत असा काही प्रश्न आलेला होता: शेजारी, घरभाडं, उधारी, पगार, जमीन. पण सल्ला घेतलेले तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते, आणि त्यांच्यातलेही बरेचजण घरच्यांकडे नाहीतर मित्राकडेच गेले होते. म्हणजे बहुतेक लोक न्यायाधीशासमोर पोचतच नाहीत. त्यामुळे कोर्टांच्या इमारती आणि न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा यांवरच बोलत राहिलो तर या माणसांचा विषय निघतच नाही. आपल्या तालुका-जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले तुंबलेत ही चिंतेचीच गोष्ट आहे, पण तिथवर न पोचलेल्यांची तर कुठे नोंदही होत नाही.

या बाबतीत मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण सिएरा लिओनचं. २००२ मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं तेव्हा वकील अगदी मोजके आणि तेही बहुतेक राजधानीत. मग गावातल्याच लोकांना कायद्याचं प्रशिक्षण देऊन विधी सहायक म्हणून उभं केलं गेलं, आणि २०१२ च्या कायद्याने त्यांना रीतसर मान्यता देऊन प्रत्येक चीफडममध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक मुखियाच्या इलाख्यात, असा एक सहायक असावा असं ठरवलं. आपल्याकडेही २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे, मी तिच्यातच आहे. पण आम्ही स्वयंसेवक आहोत, मानधनावर आहोत, आणि कामाच्या दिवसांपुरतेच आहोत. अंगणवाडीताई किंवा आशाताई जशी गावाला ठाऊक असते, तसा कायद्याचा माणूस ठाऊक असायला हवा. ते अजून झालेलं नाही.

फिलिपिन्समध्ये १९७८ पासून एकाच गावा-शहरातल्या लोकांचे बरेचसे वाद आधी बरांगायच्या, म्हणजे गावपातळीच्या समितीपुढे न्यावेच लागतात. तिथे वकिलाला मज्जाव आहे. आपली तंटामुक्ती मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तिची आठवण होईल, पण दोन गोष्टी तिथे जास्त विचाराने केल्यात. फसवून किंवा धाक दाखवून तडजोड करवली असेल तर दहा दिवसांत ती नाकारता येते. आणि ती टिकली तर तिला कोर्टाच्या निकालाचं बळ मिळतं, सहा महिन्यांच्या आत समितीच तिची अंमलबजावणी करू शकते. आमच्या तंटामुक्ती समित्यांनी बांधाचे पुष्कळ वाद खरोखर मिटवले, ते काम मी जवळून पाहिलंय. पण गावातला वजनदार माणूसच एका बाजूला असला की गरिबाला त्या बैठकीत तोंड उघडता येत नाही, आणि 'मिटलं' अशी नोंद होऊन जाते. आपल्या लोकअदालतीतही माझी हीच तक्रार आहे. कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा, दर्जा असतो, वर्षांचं भांडण एका दिवसात सुटतं, हे सगळं खरं. पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी निवाडा अहिराणीत, पावरीत, भिलीत, ज्याच्या त्याच्या बोलीत समजावून सांगणं सक्तीचं करावं, असं मला फार वाटतं. नर्मदेपलीकडे गुजरातेत रंगपूरला हरिवल्लभ परीख यांनी १९४९ पासून आदिवासींसाठी लोकअदालत चालवली ती त्यांच्याच बोलीत, सगळ्यांसमक्ष. हे आपल्याला नवीन नाही.

ऑनलाइन कोर्टाबद्दल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१६ मध्ये असं न्यायाधिकरण सुरू झालं. आधी इमारतींमधले मालक-सोसायटीचे वाद, मग पाच हजार डॉलरपर्यंतचे छोटे दावे. त्याचं कौतुक होतं ते स्क्रीनसाठी. मला मात्र त्यातली पहिली पायरी मोलाची वाटते: दावा लावण्याआधी तिथे साध्या भाषेत प्रश्न विचारले जातात आणि तुमचा वाद कुठला, काय करता येईल, पत्र कसं लिहायचं हे फुकटात सांगितलं जातं. म्हणजे मी वर म्हटलं तेच काम. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर मोबाइलला रेंज येत नाही तिथे हे माणसानेच करावं लागेल.

वकील नकोत असं मात्र कुणी वाचू नये. आयर्लंडमध्ये जोहाना एअरी नावाच्या बाईला नवऱ्यापासून न्यायालयीन फारकत हवी होती, ती फक्त उच्च न्यायालयात मिळायची आणि वकिलाचा खर्च झेपत नव्हता. स्वतः उभी राहून बोल, दार उघडं आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ ऑक्टोबर १९७९ ला ते अमान्य केलं: हक्क कागदावरचा नको, प्रत्यक्षात वापरता येईल असा हवा. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हे फार मोठं आहे, आणि जिला याची गरज आहे त्या बाईला बहुतेक वेळा हे माहीतच नसतं. तीच गोष्ट कोर्ट फीची. पोटगी, घटस्फोट आणि संसारातून आलेल्या मालमत्तेच्या वादांत महाराष्ट्रात १९९४ पासून बायकांना कोर्ट फी माफ आहे, तरी फीच्या भीतीने घरी बसलेल्या बायका मला अजून भेटतात.

शेवटी दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून मागायचा अर्ज. दावा जिंकल्यावर खरा छळ सुरू होतो. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं. तरी ताबा मिळायच्या दिवशी बेलीफ येतो, मोजणीवाला येत नाही, किंवा दोघे येतात आणि बंदोबस्त मिळत नाही, आणि पुन्हा तारीख पडते. हे नीट झालं नाही तर लोक पुढच्या वेळी कोर्टात जायच्याऐवजी गावगुंडाकडे जातील, काही ठिकाणी जाऊ लागलेतही.

सरकारने माझं ऐकायचं ठरवलं तर फुकटात होणारी एक गोष्ट आधी मागेन. फेरफाराची नोटीस असो, तहसीलदाराचा हुकूम असो की कोर्टाचं समन्स, वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात दोन ओळी छापाव्यात: हरकत किंवा अपील कोणाकडे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. नुसतं कलम छापू नये, तारीख छापावी.

तुमच्या ओळखीत आत्ता कुणाचं असं प्रकरण असेल तर त्यांना विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, किंवा तालुका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे पाठवा. आलेली नोटीस पाकिटासकट न्यायला सांगा, पाकीट फेकू देऊ नका. ती हातात कधी पडली हे ठरवताना त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो.