नाइटच्या अंगरख्यावरचे डाग

चौदाव्या शतकातला इंग्लिश कवी जेफ्री चॉसर आणि त्याच्या काळाबद्दल आलेली चार पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. त्याची ‘कँटरबरी टेल्स’ ही कविता मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवली. एखादं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ‘कँटरबरी टेल्स’मधली पात्रं म्हणजे ठरावीक साचे आहेत असं वर्गात सांगतात. ती अगदी जिवंत माणसं आहेत, असंही त्याच तासाला सांगतात. परीक्षेत नेमकं काय लिहायचं? (एम. ए.ची विद्यार्थिनी)

उत्तर : परीक्षेचं शेवटी पाहू. आधी तो साचा कुठून आला ते बघा.

त्या काळी युरोपात समाजाचे तीन थर मानत : प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. प्रत्येक थराचे दोष मोजून दाखवणाऱ्या कवितांची मोठी परंपरा होती. त्यांत मठवासी साधू चैनी असायचा, वकील पैशाचा लोभी, गिरणीवाला धान्यचोर. माणूस समोर यायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असे. चॉसरचा मित्र जॉन गॉवर याने फ्रेंचमध्ये आणि लॅटिनमध्ये अशा हजारो ओळी लिहिल्या आहेत.

चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ 1387च्या सुमारास हाती घेतली आणि साचे तेच उचलले. लंडनबाहेर, साउथवर्कच्या टॅबर्ड नावाच्या सराईत कँटरबरीच्या तीर्थाला निघालेले तीसेक यात्रेकरू एका रात्री जमतात, वाटेत गोष्टी सांगायच्या असं ठरतं, आणि प्रस्तावनेत कवी एकेकाची ओळख करून देतो. त्याचा गिरणीवाला परंपरेप्रमाणे धान्य चोरतो आणि दळणावळ तिप्पट घेतो. पण त्याच्या नाकावर एक चामखीळ आहे, चामखिळीवर डुकराच्या कानातल्या केसांसारखे लाल केस आहेत, आणि डोक्याने धडक देऊन दार फोडायची त्याला हौस आहे. परंपरेला चोरीपुरता गिरणीवाला हवा होता. चामखीळ चॉसरने पाहिली.

नाइटचं, म्हणजे सरदार योद्ध्याचंच घ्या. तो अलेक्झांड्रियापासून प्रशियापर्यंत लढून आलेला आहे. एवढ्या मोठ्या योद्ध्याच्या अंगावर काय दाखवावं? साधा जाड सुती अंगरखा, आणि त्यावर साखळीच्या चिलखताचे डाग. मोहिमेवरून आला तो कपडे न बदलता यात्रेला निघाला. त्याच्या शेजारी त्याचा वीस वर्षांचा मुलगा, कुरळ्या केसांचा, फुलांनी भरलेल्या कुरणासारखं भरतकाम अंगावर मिरवणारा. बाप आणि मुलगा एकाच थरातले, पण दोघांचे कपडे शेजारी ठेवले की दोन पिढ्या उभ्या राहतात.

स्वयंपाक्याचं वर्णन तर दहाएक ओळींचंच आहे. तो भाजतो, उकळतो, तळतो, रस्सा करतो, सगळं उत्तम. मग कवी हळहळतो की बिचाऱ्याच्या नडगीवर एक चिघळलेली जखम आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत, त्याचा कोंबडी-भाताचा पांढरा पदार्थ फार नामी होतो म्हणून सांगतो. जखम आणि ते ताट यांच्यामध्ये एक शब्दही नाही. मी हा भाग वाचून दाखवायचे तेव्हा वर्ग आधी गप्प व्हायचा आणि मग कुणीतरी ‘ई’ म्हणायचं. दरवर्षी. सहाशे वर्षांपूर्वीची ओळ आजही लागू पडते याचा इतका साधा पुरावा मला दुसरा मिळालेला नाही.

आता निकालाचं. चॉसर तो देत नाही. शिकारीच्या नादात मठाचे नियम धाब्यावर बसवणाऱ्या साधूला तो म्हणतो, तुमचं मत बरोबर आहे. वकिलाबद्दल सांगतो की त्याच्याइतका कामात गढलेला माणूस नाही, आणि होता त्याहून तो जास्तच गढलेला वाटे. व्यापारी घोड्यावर ऐटीत बसलाय, नफ्याच्या गप्पा मारतोय. त्याच्यावर कर्ज आहे हे कुणाला कळलेलं नाही. आपल्याला मात्र कळलंय. ते कसं, हे चॉसर सांगत नाही.

आणि प्रस्तावनेच्या शेवटाकडे तो वाचकांची माफी मागतो : लोकांना मी त्यांच्या त्यांच्या पायरीप्रमाणे मांडलं नसेल तर क्षमा करा, माझी बुद्धी तोकडी आहे. माझ्या मते सगळ्या प्रस्तावनेची किल्ली या ओळीत आहे. पायरीचा क्रम त्याला पुरता ठाऊक होता, म्हणून तर सुरुवात नाइटपासून केली. पुढे नाइटची गोष्ट संपल्यावर सराईचा मालक साधूला बोलायला सांगतो, तेवढ्यात दारू प्यालेला गिरणीवाला मध्ये घुसतो आणि मीच बोलणार म्हणून हटून बसतो. चॉसर त्याला बोलू देतो.

परीक्षेत हेच लिहा : साचा परंपरेचा, निरीक्षण चॉसरचं. आणि दोन्हींसाठी एकेक ओळ उतरवून दाखवा, कारण नुसत्या ‘टाइप’ आणि ‘इंडिव्हिज्युअल’ या शब्दांनी परीक्षकाला तुम्ही कविता वाचली आहे हे कळत नाही.

प्रश्न : या यात्रेत शेतात राबणारा माणूस एकच आहे. इंग्लंडात तर बहुसंख्य लोक शेतीवरच जगत होते. मग याला समाजाचं चित्र का म्हणायचं?

उत्तर : तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्याही मनात फार वर्षं आहे. चॉसरचा नांगऱ्या म्हणजे गावच्या गरीब पाद्र्याचा भाऊ. त्याने शेणखताच्या गाड्या वाहिल्या आहेत, तो चर्चला द्यायचा दशमांश चोख भरतो, गरिबासाठी फुकट राबतो. दोघं भाऊ कवितेतली सर्वांत निर्मळ माणसं. पण नांगऱ्याला नडगीवरची जखम नाही, नाकावरची चामखीळही नाही. तो आदर्श आहे, आणि आदर्श माणूस दुरून पाहिलेला असतो. त्याला चॉसरने गोष्टसुद्धा दिली नाही.

जवळून पाहिलेली गरिबी हवी असेल तर त्याच काळातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’कडे जा. मॅल्व्हर्नच्या टेकड्यांवर, मे महिन्यातल्या एका सकाळी कवीला झोप लागते आणि स्वप्नात माणसांनी भरलेलं एक शेत दिसतं. पुढे पिअर्स नावाचा नांगऱ्याच सगळ्यांना कामं वाटून देतो, नाइटलासुद्धा. कामचुकार लोक लंगडं असल्याचं सोंग करतात, तेव्हा पिअर्स भुकेला हाक मारतो आणि भूक माणसासारखी चालत येते.

या कवितेच्या सर्वांत उशिराच्या आवृत्तीत झोपड्यांमधल्या बायकांचा एक उतारा आहे. पोरांचं लेंढार आणि मालकाचं भाडं डोक्यावर. सूत कातून जे मिळतं ते भाड्यात जातं, नाहीतर दूध आणि पीठ आणून रडणाऱ्या पोरांचं तोंड बंद करण्यात. थंडीतल्या रात्री उठून पाळणा हलवायचा, लोकर पिंजायची, ठिगळं लावायची, धुणं धुवायचं. मागायची लाज वाटते म्हणून काय कमी आहे ते शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. हे वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं. चॉसरकडे असा उतारा नाही, हे त्याच्यावरच्या सगळ्या प्रेमासकट मी मान्य करते.

मात्र एक पार्श्वभूमी ध्यानात ठेवा. 1348-49च्या प्लेगमध्ये प्रचंड माणसं मेली. उरलेल्या मजुरांना जास्त मजुरी मिळू लागली, म्हणून 1351च्या कायद्याने ती प्लेगपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. त्या चिडीची 1381च्या शेतकऱ्यांच्या बंडात भर पडली. चॉसर तेव्हा लंडनच्या ऑल्डगेट या वेशीवरच्या घरात भाडेकरू होता, आणि एसेक्सचे बंडखोर त्याच वेशीतून शहरात शिरले. एवढं होऊनही त्याने बंडाचं उघड नाव काढलं ते कोंबडा आणि कोल्ह्याच्या एका गोष्टीत, कोल्ह्यामागे धावणाऱ्यांच्या आरडाओरड्याची उपमा म्हणून. उलट बंडाचा प्रचारक जॉन बॉल याच्या पत्रांत पिअर्स प्लाउमनचं नाव येतं. राबणाऱ्यांनी आपला कवी निवडला होता.

प्रश्न : यात्रेत बायका तीनच का?

उत्तर : मठातल्या दोन जोगिणी आणि बाथ गावची बाई. पुरुष त्याच्या धंद्यावरून ओळखला जाई; बाई कुमारी, सवाष्ण की विधवा यावरून. बाथची बाई कापड विणण्यात तरबेज आहे, पण आपली ओळख ती पाच नवऱ्यांवरून करून देते, कारण जगाने तिला तेवढाच रकाना ठेवला होता. त्या रकान्यात ती आठशेहून जास्त ओळी बोलते. शिवाय तिच्या गोष्टीतली म्हातारी एका नाइटला सुनावते की खानदानीपणा वाडवडिलांच्या संपत्तीतून येत नाही, वागण्यातून येतो. हे बोलायला चॉसरने नाइटला निवडलं नाही, याकडे लक्ष द्या.

प्रश्न : त्या काळी माणसाला आपला थर बदलता येत असे का?

उत्तर : कायद्याला ते नको होतं. 1363 साली पार्लमेंटने कुणी काय ल्यावं हेच ठरवून दिलं. नांगरणाऱ्याने जाडंभरडं कापड नेसावं, कारागिराने सोन्याचांदीच्या अंगठ्या, पट्टे, सुऱ्या वापरू नयेत. हा कायदा दोनेक वर्षांतच मागे घ्यावा लागला. चॉसरच्या यात्रेत सुतार, विणकर, रंगारी वगैरे पाच कारागीर आहेत. त्यांच्या सुऱ्यांच्या म्यानांना पितळ नाही, चांदी आहे. आणि त्यांच्या बायकांना कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर फार आवडतं.

चॉसरच्या घरातच पाहा. बाप लंडनमध्ये दारूचा व्यापार करायचा. चॉसर स्वतः राजदरबारात चाकर आणि बारा वर्षं लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर अधिकारी. त्याचा मुलगा टॉमस हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती झाला, आणि टॉमसची मुलगी ॲलिस सफोकची डचेस. ऑक्सफर्डशरमधल्या युएल्म गावच्या चर्चमध्ये तिची संगमरवरासारख्या पांढऱ्या अलाबास्टरची समाधी आहे. वर डचेसची मूर्ती, आणि खाली जाळीआड त्याच बाईचं वाळलेलं प्रेत कोरलेलं.

या चढणीचा पहिला कागद 1357चा आहे. राजाच्या सुनेच्या घरच्या हिशेबात, चॉसर नावाच्या पोरगेल्या नोकरासाठी आखूड डगला, लाल-काळे पायमोजे आणि जोडे घेतल्याची नोंद आहे. चॉसरचं नाव आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते तिथे, कपड्यांच्या खर्चात.