ग्रॅम पार्सन्सचा पहिला सोलो अल्बम कोणता, आणि तो ऐकण्यासारखा आहे का?

‘जीपी’, जानेवारी १९७३. आणि हो, नक्की ऐका. कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत) आणि रॉक यांची सांगड घालणाऱ्यांत हा अमेरिकी गायक अगदी आघाडीचा. इथे त्याच्यासोबत एल्व्हिस प्रेस्लीच्या साथसंगतीतले जेम्स बर्टन (गिटार), ग्लेन हार्डिन (पियानो) आणि रॉनी टट (ड्रम्स) आहेत. पण खरा जीव आहे तो एमिलू हॅरिसच्या आवाजात! तेव्हा ती फारशी कुणाला माहीत नव्हती. ‘वी'ल स्वीप आउट द अ‍ॅशेस इन द मॉर्निंग’ हे द्वंद्वगीत आधी लावा. दोघांचे आवाज एकमेकांना किती धरून चालतात ते लगेच कळेल. मात्र ‘पहिला’ म्हणजे फक्त स्वतःच्या नावावरचा. द बर्ड्‌स या रॉक बँडसोबतचा त्याचा अल्बम १९६८चा आहे.