जर्मनीची नोकरी आणि एजंटचे साडेचार लाख

प्रश्न : मुलगी जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे, पुण्यात एका खासगी रुग्णालयात नर्स म्हणून काम करते. एक एजंट जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणतो आणि साडेचार लाख मागतो. तिकडे खरंच इतकी गरज आहे का? पैसे द्यावेत का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : गरज खरी आहे, आणि म्हणूनच एवढे पैसे देऊ नका. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत सर्वाधिक मुलं 1964 साली जन्मली. ती 2031मध्ये 67 वर्षांची होऊन निवृत्तीच्या वयाला पोहोचतील. कामावरच्या नर्स कमी होणार आणि सेवा लागणारे म्हातारे वाढणार. 1955 ते 1973 या काळात त्या देशाने इटली, तुर्कस्तानातून माणसं आणली ती मुख्यतः कारखान्यांसाठी. आता रुग्णालयं आणि वृद्धाश्रमही अडलेत. तुमच्या मुलीने तिथे कुणाची नोकरी हिसकावली असं होणार नाही.

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात. त्याचा परवाना क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. जर्मन सरकारचं न्याय्य भरतीचं मानचिन्ह मिळालेल्या संस्था भरतीचा खर्च रुग्णालयाकडून घेतात, नर्सकडून नाही.

खरा वेळ भाषेला लागतो. नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे जर्मन भाषेची बी2 पातळी (सहा पातळ्यांपैकी चौथी) हवी. 'सहा महिन्यांत बी2' ही जाहिरात नाइट ड्यूटी करणाऱ्या मुलीसाठी नाही. वर्ष-दीड वर्ष धरा. बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनाच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं या चारही भागांत 100पैकी किमान 60 गुण लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

गोंधळ बहुधा कागदांत होतो. ट्रान्स्क्रिप्टमध्ये (काय काय शिकवलं त्याचा कॉलेजने दिलेला तपशील) थिअरी आणि प्रत्यक्ष कामाचे तास विषयवार, वेगवेगळे लिहून घ्या. नुसत्या गुणपत्रिकेवरून अभ्यासक्रमाची तुलना होत नाही आणि अर्ज अडकतो. शिक्षणात फरक निघाला तर तिथे पूरक प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर ती सहायक म्हणून, कमी पगारावर काम करेल. करारात दोन्ही पगार लिहिलेले हवेत.

आणि करारातलं नोकरी लवकर सोडल्यास भाषा शिकवण्याचा खर्च परत मागणारं कलम नीट वाचा. रक्कम आणि मुदत आकड्यात नसेल तर सही करू नका.