रस्त्यावर मनोरुग्ण वाटणारी व्यक्ती दिसली तर पोलीस काय करतात? कोठडीत टाकतात का?

नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 स्पष्ट आहे: अशा व्यक्तीला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, किंवा तिच्यापासून तिला वा इतरांना धोका असेल, तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तिला संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं आणि शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. ही अटक नव्हे.

गफलत होते ती ओळखण्यात. बरळणं, तोल जाणं, अंगावर धावून येणं हे रक्तातली साखर उतरल्यामुळे किंवा डोक्याला मार लागल्यामुळेही होतं. ‘प्यायलाय’ म्हणून सोडून दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी दरदरून घाम, डोक्यावरची जखम, खिशातली औषधाची चिठ्ठी बघावी. गर्दी हटवून एकानेच हळू आवाजात बोलावं.

तुम्ही 112 ला फोन कराल तेव्हा हातात काही हत्यार आहे का, कुठलं औषध बंद झालंय, हे आधी सांगा.

व्यक्ती बेघर असेल तर बेपत्ता म्हणून नोंद करून नातेवाईक शोधणं हेही पोलिसांचंच काम. हे बरेचदा राहून जातं, म्हणून ठाण्यात आवर्जून विचारा.