बीचवर जायचं ठरलंय, पण राहायचं नेमकं कुठे?

या वेळी समुद्रावरच्या सुट्टीचेच इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकावर ढकललेत. बहुतेकांनी हॉटेलांची नावं पाठवून "यातलं कुठलं?" एवढंच विचारलंय, पण मला आधी महिना सांगा हो, हॉटेलचं नंतर बघू.

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून ऑगस्टमध्ये आठवडाभर दोघंच कुठेतरी बीचवर जायचंय. नवऱ्याला समुद्रात मनसोक्त पोहायचंय, मला पुस्तक घेऊन पडून राहायचंय. त्याने थायलंडमधल्या फुकेतचं एक रिसॉर्ट शोधलंय, पश्चिमेच्या किनाऱ्यावर अगदी वाळूला लागून आणि डिस्काउंटही तगडा आहे. मैत्रीण म्हणते ऑगस्टमध्ये तिकडे जाऊ नकोस. रिसॉर्ट चांगलं असेल तर काय फरक पडतो?

उत्तर : पडतो, चांगलाच पडतो. डिस्काउंट का मिळतोय याचं उत्तर मैत्रिणीने दिलंच आहे. साधारण मे ते ऑक्टोबर तिकडे नैऋत्य मोसमी वारे असतात आणि फुकेतचे कारोन, काता, सुरिनसारखे सगळे नावाजलेले बीच बरोबर त्याच वाऱ्याकडे तोंड करून बसलेत. पाऊस दिवसभर पडेलच असं नाही, मधेमधे छान ऊनही पडतं, पण समुद्र खवळलेला असतो, पाण्याला आत ओढ असते आणि काठावर लाल झेंडे लागतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही. म्हणजे तुमचं पुस्तक कसंतरी होईल, पण नवरा आठवडाभर स्विमिंग पूलमध्ये गोल गोल फिरत बसेल. वेबसाइटवरचे ते काचेसारख्या पाण्याचे फोटो बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीतले असतात.

गंमत म्हणजे त्याच देशाच्या दुसऱ्या अंगाला, थायलंडच्या आखातात, को सामुई आहे आणि तिथे ऑगस्ट बऱ्यापैकी चांगला जातो, तिथला जोराचा पाऊस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. श्रीलंकेतही असंच, बेंटोटा-मिरिसाचा नैऋत्य किनारा डिसेंबर ते एप्रिलसाठी आणि त्रिंकोमालीजवळचं निलावेली मे ते सप्टेंबरसाठी. तेव्हा नुसतं देशाचं नाव ठरवून भागत नाही, किनारा कुठल्या दिशेला आहे ते बघावं लागतं.

ऑगस्टमध्ये बालीही कोरडं असतं, पण तिथेही कुठल्या बाजूला राहताय त्यावर सगळं आहे. कुटा, सेमिन्याक, चांगू ही पश्चिमेची बाजू लाटांची, सर्फिंगवाल्यांची. सानूर आणि नुसा दुआला समोर रीफ, म्हणजे पाण्याखालचा प्रवाळाचा कठडा, आहे, लाटा बाहेरच फुटतात आणि आत पाणी शांत राहतं, फक्त ओहोटीला ते इतकं उथळ होतं की पोहायचं सोडा, चालतच जावं लागतं. त्यामुळे जायच्या तारखांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, नेटवर सहज मिळतं.

मला विचाराल तर तुमच्या दोघांसाठी सामुईचा चोंग मॉनकडचा भाग, शांत आहे आणि पोहायला बरा. चावेंगला राहू नका, तिथे रात्री आवाज असतो. आणि एक गोष्ट नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग काठाकडे वळायचं. चांगले पोहणारेही यात दमतात कारण ते झगडतात.

प्रश्न : हनिमूनला मालदीव पक्कं केलंय. मला पाण्यावरचा व्हिला हवा म्हणजे हवाच, पण बजेट बघता चारच रात्री जमतायत. होणारा नवरा म्हणतो लोकल बेटावर गेस्टहाऊस घेऊ आणि जास्त दिवस राहू. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही. आधी तीन-चार रात्री गेस्टहाऊस, शेवटच्या दोन रिसॉर्टवर. उलटं करू नका, व्हिल्यातून उठून गेस्टहाऊसच्या खोलीत गेलं की उगाच तोंड पडतं.

लोकल बेटांचं आधी समजून घ्या. माफुशी, धिगुरा, उकुलहास वगैरे बेटांवर स्थानिक लोकांची वस्ती आहे, दारू मिळत नाही आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या बीचवरच चालते. हनिमूनच्या डोक्यात नेमकं तेच असेल तर मग गेस्टहाऊसच्या रात्री कमी करा, तिथे जाऊन कुरकुर करण्यात अर्थ नाही.

आता व्हिला. पाण्यावरच्या व्हिल्यात उठल्या उठल्या जिना उतरून पाण्यात जाता येतं हे खरं आणि ते सुख मोठंच आहे, पण तिथे वाळू नसते, झाड नसतं, दुपारी डेकवर पाय भाजतात, वारा सुटला की रात्रभर खाली लाटा आपटत राहतात, आणि जेवायला जायचं तर लांबलचक लाकडी पुलावरून चालत नाहीतर रिसॉर्टच्या बग्गीची (छोट्या बॅटरीच्या गाडीची) वाट बघत बसायचं. बीच व्हिल्याला सावली असते, दाराबाहेर वाळू असते आणि दर कमी असतो. म्हणून दोन रात्री पाण्यावर पुष्कळ झाल्या. बुक करताना दोन गोष्टी विचारा, व्हिल्याखाली ओहोटीला पाणी किती राहतं आणि हाऊस रीफ, म्हणजे रिसॉर्टच्या बेटालगतची प्रवाळाची रीफ, पोहत जाण्याइतकी जवळ आहे का. काही बेटांभोवती नुसता उथळ लगून, म्हणजे रीफच्या आतलं शांत पाणी, आहे, दिसायला अप्रतिम, पण मासे बघायचे तर दर वेळी बोटीने जावं लागतं. आणि रंगीबेरंगी प्रवाळाची फार आशा धरू नका, १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं, मासे मात्र अजून भरपूर आहेत.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ट्रान्सफरमध्ये. खोलीचा दर वाचून खूश व्हायचं आणि मग कळतं की स्पीडबोट किंवा सीप्लेनचे (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचे) पैसे वेगळे, तेही माणशी. त्यावर सर्व्हिस चार्ज, टॅक्स, रोजचा ग्रीन टॅक्स (पर्यटकांकडून घेतला जाणारा सरकारी कर). दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज अजून लागायचाय असं समजा आणि शेवटचा आकडा मेलवर लेखी मागा. शिवाय सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल तर ती रात्र माले किंवा हुलुमालेला काढावी लागेल आणि रिसॉर्टची एक महागडी रात्र फुकट जाईल. तुम्ही आधी गेस्टहाऊसला जाणार असाल तर हा प्रश्न जरा सोपा होतो, पण त्या बेटावर जाणारी शेवटची स्पीडबोट किती वाजता सुटते तेही बघा आणि शुक्रवारी सरकारी फेरीबोटीच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : सी व्ह्यू, पार्शल सी व्ह्यू, बीचफ्रंट, बीच अॅक्सेस... यात नक्की फरक काय? सगळे सारखेच दर लावतात.

उत्तर : बीचफ्रंट म्हणजे समोर वाळू, निदान अर्थ तरी तोच. सी व्ह्यू म्हणजे समुद्र दिसतो, किती लांबून ते विचारू नका. पार्शल म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन, कठड्यावर ओणवं होऊन, दोन माडांच्या मधून दिसणारी निळी पट्टी. बीच अॅक्सेसमध्ये मधे हमरस्ताही असू शकतो. सॅटेलाइट मॅप उघडा, हॉटेलवर झूम करा, पाच मिनिटांत सगळं कळतं.

प्रश्न : मॅडम, बायकोला एकदम शांत जागा हवी, मला रात्री बाहेर पडून हिंडायला, गर्दी बघायला आवडतं. दर सुट्टीत यावरून वाजतं. ती अॅडल्ट्स ओन्ली, ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट म्हणतेय. हो म्हणू का?

उत्तर : अॅडल्ट्स ओन्लीला हो म्हणा, शांततेसाठी ते खरंच कामाचं आहे. ऑल इन्क्लुझिव्हला नको. सगळ्याचे पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर बाहेर पडावंसं वाटत नाही, आणि मग तिसऱ्या दिवशी तुम्ही तोच बुफे बघून वैतागणार आणि राग तिच्यावर निघणार. नुसता ब्रेकफास्ट असलेलं घ्या.

जागा अशी शोधा की गजबज चालत जाण्याच्या अंतरावर असेल पण झोपताना ऐकू येणार नाही. लांबलचक बीच असतो तिथे हे सहज जमतं. मलेशियातल्या लंकावी बेटावर पंताई चेनांग हा बीच गजबजलेला आणि त्याला लागूनच दक्षिणेला पंताई तेंगा, तिथे राहायचं आणि संध्याकाळी चेनांगला फिरून यायचं. फिलिपिन्समधल्या बोराकायच्या व्हाइट बीचचे तीन भाग आहेत, त्यांना स्टेशन म्हणतात, त्यात स्टेशन दोन म्हणजे सगळा गोंगाट, स्टेशन एकला वाळू रुंद आणि दर चढे, स्टेशन तीन त्यामानाने निवांत. मॉरिशसला ग्रां बे तुमच्यासारख्यांचं आणि त्रू ओ बिश तुमच्या मिसेससाठी, मधलं अंतर टॅक्सीने थोडंसंच आहे. फक्त मॉरिशसला जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पूर्व किनारा टाळा, तिथे त्या दिवसांत वारं फार असतं.

आणि आठवड्यात दोनपेक्षा जास्त हॉटेलं बदलू नका, बॅगा भरण्यातच दिवस जातात.

पैसे भरायच्या आधी गेल्या दोन-तीन महिन्यांतले रिव्ह्यू वाचा, पाच स्टारवाले सोडा, तीन स्टारवाले वाचा, ते लोक खरं सांगतात. त्यात 'म्युझिक' आणि 'बांधकाम' हे दोन शब्द सर्च करा. शेजारी नवीन हॉटेल उठत असेल तर सकाळी सातपासून ड्रिल चालू, मग अॅडल्ट्स ओन्ली असून काय उपयोग. हॉटेलला मेल करून सरळ विचारा की आमच्या तारखांना आत किंवा शेजारी काम चालू आहे का, आणि उत्तर गोलमोल आलं तर कॅन्सल करता येणारंच बुकिंग करा.